मन चकवते तेव्हा : ह्यूस्टनच्या एका गीतसंग्रहाचे रसग्रहण



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. खून, दारू आणि शिवीगाळ यांनी भरलेल्या गाण्यांचे रसग्रहण ते काय करायचे? प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाण्याचा माझा विचार नाही. मात्र आरंभीच एक भेद स्पष्ट केलेला बरा. रसग्रहण म्हणजे समर्थन नव्हे. एखाद्या कृतीत काय आहे, ते तिथे का आले आणि त्याचा आपल्या मनावर कोणता परिणाम होतो, हे नीट पाहणे म्हणजे रसग्रहण. न ऐकता केलेला निषेध आणि न ऐकता केलेली स्तुती, दोन्ही सारखीच पोकळ.

ज्या संग्रहाविषयी मी बोलणार आहे, तो 'गेटो बॉईज' या त्रयीचा 'वुई कान्ट बी स्टॉप्ड', म्हणजे 'आम्हाला कोणी थांबवू शकत नाही'. तो 1991 साली निघाला. रॅप हा प्रकार 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मला. ठेका धरून यमकबद्ध बोलत जायचे आणि पाठीमागे जुन्या ध्वनिमुद्रिकेतला एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, ही त्याची मूळ रीत. 1988 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील तरुणांनी टोळीयुद्धाचे आणि पोलिसी जाचाचे जग त्यात आणले. त्याला 'गँगस्टा रॅप' हे नाव पडले. तोवर या कलेची दोनच पीठे मानली जात, पूर्वेस न्यूयॉर्क आणि पश्चिमेस लॉस एंजेलिस. दक्षिणेकडच्या मंडळींना कोणी विचारीत नसे.

ह्यूस्टन हे टेक्सासमधले तेलाच्या व्यापारावर वाढलेले शहर. त्यातील 'फिफ्थ वॉर्ड' या भागात यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आपली घरे बांधली. अमेरिकेच्या संसदेत 1972 साली निवडून गेलेल्या बार्बरा जॉर्डन याच वस्तीतल्या. पुढे वस्तीच्या मधूनच मोठे महामार्ग गेले, शेजार तुटला, दारिद्र्य वाढले. या शहरात जेम्स प्रिन्स यांनी 'रॅप-अ-लॉट' ही संस्था काढली. ब्रॅड जॉर्डन ऊर्फ स्कारफेस, विली डी आणि जमैकात जन्मलेला, ठेंगण्या बांध्याचा बुशविक बिल या तिघांना तिने एकत्र आणले.

संग्रहाच्या नावामागे एक कलह आहे. 1990 साली या मंडळींचा आधीचा संग्रह बाजारात यायचा होता. पण गेफेन या बड्या कंपनीने त्यातील मजकूर पाहून तो वितरित करण्याचे नाकारले. नव्या संग्रहाचे नाव हे त्या नकाराला दिलेले उत्तर होय. विरोध तेवढ्यावर थांबला नाही. 1995 मध्ये सिनेटर बॉब डोल यांनी करमणुकीच्या धंद्यावर टीका करताना या त्रयीचे नाव घेतले होते.

आता वेष्टनावरचे चित्र पाहा. ते काल्पनिक नाही. त्याच वर्षी मद्याच्या अमलाखाली, प्रेयसीशी झालेल्या झटापटीत गोळी लागून बुशविक बिलचा एक डोळा गेला. तो रुग्णालयात असताना साथीदारांनी त्याला चाकांच्या खाटेवर बसवले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून छायाचित्र काढवून घेतले. जाहिरातीची युक्ती म्हणून ते यशस्वी ठरले. पण ते चित्र पाहताना आपल्याला यातना होतात, असे बिलने पुढे सांगितले. 2019 साली तो वारला. दुःख विकण्याचा मोह आणि दुःखाची खरी जखम, दोन्ही या एका चित्रात आहेत. संग्रह ऐकतानाही हे ध्यानात ठेवावे.

संग्रहाचे मर्म 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी', 'मन मला चकवते आहे', या गाण्यात आहे. आयझॅक हेज या दक्षिणेतल्याच थोर संगीतकाराने 1974 च्या एका चित्रपटासाठी केलेल्या रचनेतील गिटारची ओळ त्याच्या पाठीशी वाजत राहते. ती संथ आहे, उदास आहे, आणि घोळत राहणाऱ्या विचारासारखी पुन्हा पुन्हा तिथेच येते. या पार्श्वभूमीवर चार कडवी आहेत. पहिल्यात स्कारफेसला रात्री झोप येत नाही. कोणीतरी पाळतीवर आहे असे त्याला वाटते. दुसऱ्यात विली डीला पाठलागाचा भास होतो, आणि वैरी म्हणून ज्यांच्यावर तो चालून जातो ती निघतात विकलांग म्हातारी माणसे! तिसऱ्यात स्कारफेस जीव देण्याच्या विचारापर्यंत येतो. चौथ्यात बिल हॅलोवीनच्या रात्री एका धिप्पाड आकृतीशी झुंजतो. आकृती विरून जाते, आणि तो रस्त्याच्या फरसबंदीवर मुठी आपटीत, रक्तबंबाळ हातांनी उरतो.

येथे काय घडले ते पाहा. गँगस्टा रॅपमधला नायक सदैव छाती पुढे काढून बोलणारा. या गाण्यात तोच नायक सांगतो की, मला भीती वाटते. ज्या हिंसेची फुशारकी इतर गाण्यांत मारली, तिची किंमत येथे मोजली जाते. स्कारफेसच्या बाबतीत ही कल्पनेची भरारी नव्हती. लहानपणी आपण मनोविकाराच्या रुग्णालयात होतो, हे त्याने 2015 च्या आत्मकथनात सांगितले आहे. तरुण पुरुषांनी मनाच्या आजाराविषयी तोंड उघडावयाचे नाही, असा दंडक असलेल्या जगात हे गाणे बिलबोर्डच्या यादीत 23 व्या क्रमांकापर्यंत पोचले. दक्षिणेचा आवाज देशभर गेला तो गर्जनेने नव्हे, कबुलीने गेला.

म्हणून सारा संग्रह निर्दोष आहे काय? मुळीच नाही. त्यात स्त्रियांविषयी जे बोलले आहे, त्याची सफाई देता येत नाही. 'चकी' या गाण्यात भयपटातील बाहुल्याचे सोंग घेऊन केलेली रक्तपाताची वर्णने केवळ धक्का देण्यासाठी आहेत. भय आणि किळस यांतून रस निर्माण होण्यासाठी लागणारे अंतर तिथे उरत नाही. उलट आखाती युद्धाविरुद्धच्या गाण्यात, आपल्याला घरी न्याय न देणाऱ्या देशासाठी परक्या मुलुखात का मरावे, हा बिलचा प्रश्न शिव्यांच्या आडूनही नेमका ऐकू येतो. एकाच संग्रहात कस आणि कचरा शेजारी नांदतात; निवड श्रोत्याने करायची असते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. घरी गेल्यावर ते एक गाणे दोनदा ऐका. पहिल्यांदा शब्द सोडून द्या आणि गिटारची ओळ ऐका. दुसऱ्यांदा शब्द ऐका, आणि कोण बोलतो आहे यापेक्षा त्याला झोप का येत नाही, हे स्वतःला विचारा. त्यानंतर हा संग्रह नाकारावासा वाटला, तर खुशाल नाकारा. तो नकार ऐकून दिलेला असेल, आणि म्हणून त्याला मोल असेल.