न दुखणारी गाठ

कर्जत-खालापूरकडे भातखाचरात पायात काटा रुतला, की तो लगेच काढतात. कारण तो दुखतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. मग ती वेळीच कशी सापडावी?

१९९८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातांनी केली. वीस वर्षांनी पाहता, पन्नाशी ओलांडलेल्या तपासलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले!

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ते डॉक्टरांनीच ठरवावे. टाटाचे खारघर केंद्र तर रायगड जिल्ह्यातच आहे. हे आजच आई-आजीला सांगाल ना?