चाकांवरचें घर आणि फ्लॉरिडाचा हिवाळा

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठींत बहुधा कींव करण्यासाठीं वापरली जाते. ज्याला स्वतःचें दार नाहीं आणि ज्याचा संसार एका गांठोड्यांत मावतो, अशा माणसाला ती लागू पडते. परंतु उत्तर अमेरिकेंत दरवर्षीं हिवाळा आला म्हणजे हजारों सुस्थित कुटुंबें आपण होऊन हें विंचवाचें बिऱ्हाड पत्करतात. राहत्या घराला कुलूप लावून, शेगडी, पलंग, न्हाणीघर आणि शीतकपाट यांनीं युक्त असें दुसरें लहानसें घर चाकांवर घेऊन तीं दक्षिणेकडील उबदार समुद्रकिनाऱ्याची वाट धरतात. अशा वाहनाला तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अथवा थोडक्यांत ‘आर. व्ही.’ म्हणतात, आपल्या भाषेंत त्याला मोटारघर म्हणतां येईल. कांहीं मोटारघरांना स्वतःचें एंजिन असतें, तर कांहीं दुसऱ्या मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावीं लागतात. घर बरोबर असलें म्हणजे खाणावळीची गरज नाहीं, हॉटेलाची गरज नाहीं, मन मानेल तेथें थांबावें, अशी या प्रवासाची ख्याति आहे. ती कितपत खरी आहे, हें मिशिगन संस्थानांतून फ्लॉरिडाकडे जाणाऱ्या एकाद्या कुटुंबाच्या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें.

या प्रवासाचें मूळ हवामानांत आहे. मिशिगनमधील डेट्रॉइट शहरांत जानेवारीचें सरासरी तपमान गोठणबिंदूच्याहि खालीं असतें. त्याच महिन्यांत फ्लॉरिडांतील मायामी येथें तें सुमारें २० अंश सेंटिग्रेड असतें. फ्लॉरिडा हें द्वीपकल्प आहे. त्याच्या तीन बाजूंना समुद्र असून दक्षिण टोंक कर्कवृत्ताच्या अगदीं जवळ आलेलें आहे. ‘गल्फ स्ट्रीम’ हा उष्ण सागरप्रवाह त्याच्या पूर्व किनाऱ्याजवळून उत्तरेकडे वाहतो. तेथील पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबर या काळांत पडतो आणि वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो; म्हणून डिसेंबर ते मार्च हे महिने कोरडे व निरभ्र असतात, आणि डांसांचा उपद्रवहि त्या वेळीं कमी असतो. मधूनच उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन एक-दोन रात्री गारठून जातात, एवढाच काय तो अपवाद. निवृत्त झालेलीं वृद्ध जोडपीं संपूर्ण हिवाळा तेथें काढतात. त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असें गमतीचें नांव आहे. शाळेंत जाणारीं मुलें असलेल्या कुटुंबाच्या वांट्याला मात्र नाताळची दोनेक आठवड्यांची सुटीच येते, आणि म्हणून त्याला प्रत्येक दिवस मोजून वापरावा लागतो.

ही वाट नवी नाहीं. इंडियानापोलिसचे उद्योगपति कार्ल फिशर यांच्या प्रेरणेनें १९१५ सालीं ‘डिक्सी हायवे’ या उत्तर-दक्षिण रस्त्यासाठीं संघटना उभी राहिली. फिशर हे त्या सुमारास मायामी बीच येथें खाजणें भरून जमीन विक्रीस काढीत होते. उत्तरेंतील धनिकांनीं आपल्या मोटारींतून यावें आणि ती जमीन घ्यावी, हा त्यांचा हिशेब होता. धनिक आलेच; पण त्यांच्या मागोमाग लहान शेतकरी, दुकानदार आणि कारागीरहि आले. फोर्ड मोटारीवर तंबू बांधून आणि अन्नाचे पत्र्याचे डबे भरून ते निघत. १९१९ सालीं टँपा शहरांतील डी सोटो पार्कमध्यें त्यांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नांवाचा आपला संघ स्थापन केला. मोटारीच्या रेडिएटरच्या झांकणावर डाक देऊन बसविलेला पत्र्याचा डबा ही या संघाची खूण होती. स्थानिक लोक त्यांच्याविषयीं थट्टेनें म्हणत, कीं हे पाहुणे एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात. सदरा बदलत नाहींत आणि नोट मोडीत नाहींत. थट्टेच्या मागें खरी तक्रार होती. पाहुण्यांनीं किनारा वापरावा, पाणी वापरावें, घाण मागें ठेवावी आणि गांवाच्या पदरांत कांहींच पडूं नये, हें गांवांना परवडण्यासारखें नव्हतें. हा वाद आजहि पुरता मिटलेला नाहीं.

त्या काळीं ही वाट सर्वांना सारखी खुली होती असेंहि नाहीं. कृष्णवर्णी प्रवाशांना दक्षिणेंतील बहुतेक हॉटेलें, भोजनगृहें आणि समुद्रकिनारे बंद होते. कोठें मुक्काम मिळेल हें त्यांना कळावें म्हणून न्यू यॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्यानें १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नांवाची मार्गदर्शिका काढली. मायामी येथें कृष्णवर्णी नागरिकांनीं १९४५ च्या मे महिन्यांत गोऱ्यांसाठीं राखलेल्या किनाऱ्यावर पाण्यांत उतरून निषेध केला, तेव्हां त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें व्हर्जिनिया की येथील किनारा त्यांच्यासाठीं उघडण्यांत आला. हॉटेलें आणि भोजनगृहें यांतील भेदभाव कायद्यानें बंद झाला तो १९६४ सालीं. रस्ता सार्वजनिक असला तरी विसाव्याची जागा कोणीतरी द्यावी लागते, ही गोष्ट त्या प्रवाशांइतकी कोणालाच ठाऊक नसेल.

आतां या घराची रचना पाहूं गेल्यास, तिचें सारें रहस्य तीन टांक्यांत आहे. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरी आणि न्हाणीघर यांतील सांडपाण्याची. तिसरी शौचकूपाच्या मैल्याची. मध्यम आकाराच्या मोटारघरांत स्वच्छ पाण्याची टांकी ४० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारें १५० लिटर असली, तर तेवढ्या पाण्याचें वजनच १५० किलोग्रॅम भरतें. फवाऱ्यांतून मिनिटाला दोन गॅलन पाणी येतें असें धरलें, तर पांच मिनिटांच्या स्नानास दहा गॅलन लागतात. चार माणसांच्या एकेका स्नानांत टांकी रिकामी होते, आणि स्वयंपाकाला थेंब उरत नाहीं. म्हणून अंग भिजवावें, नळ बंद करावा, साबण लावावा आणि मग पुनः नळ सोडून अंग धुवावें, अशी शिस्त लहान मुलांनाहि लावावी लागते. शिवाय वापरलेलें पाणी नाहींसें होत नाहीं; तें दुसऱ्या टांकींत जाऊन बसतें, आणि ती भरली कीं पुढें स्नान नाहीं. या दोन टांक्या वाटेल तेथें रिकाम्या करतां येत नाहींत. त्यासाठीं नेमलेल्या ठिकाणीं जाऊन, जाड नळी गटाराच्या तोंडाला जोडून, प्रथम मैल्याची आणि नंतर सांडपाण्याची टांकी सोडावयाची असते. दुसरीच्या पाण्यानें नळी धुवून निघावी हा त्यांतील हेतु. शहरांतील घरांत जें भिंतीपलीकडे आपोआप होतें, तें येथें घरच्या कर्त्या माणसाला हातमोजे घालून करावें लागतें.

विजेचीहि अशीच मोजदाद आहे. मुक्कामाच्या जागीं खांबावरून जाड तारेनें वीज घेतां येते. मध्यम मोटारघराची जोडणी ३० अँपियर आणि १२० व्होल्ट असते. म्हणजे एका वेळीं ३,६०० वॅटपेक्षां अधिक वीज ओढतां येत नाहीं. वातानुकूलनयंत्र चालूं असतां कोणी विजेची भट्टी लावली आणि कोणी केस वाळविण्याचें यंत्र सुरूं केलें, कीं खटका पडून सर्वत्र अंधार होतो. खांब नसेल तेथें दिवे व पंप बॅटरीवर चालतात, आणि शेगडी व उष्णतायंत्र डब्यांतील गॅसवर.

पुष्कळ मोटारघरांतील शीतकपाटहि गॅसवर चालूं शकतें, आणि ज्योतीच्या उष्णतेनें थंडावा निर्माण करणारी ही युक्ति मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनीं ती १९२२ सालीं शोधून काढली. ज्योतीनें तापविल्यावर पाण्यांत विरघळलेला अमोनिया वायुरूपानें वेगळा होतो. तो थंड होऊन द्रव बनतो. हा द्रव पुनः बाष्परूप होतांना कपाटांतील उष्णता शोषून घेतो, आणि शेवटीं पाण्यांत मिसळून पूर्वस्थितीला येतो. यांत पंप नाहीं. द्रव केवळ आपल्या वजनानें नळ्यांतून खालीं उतरतो. त्यामुळें गाडी तिरपी उभी राहिली तर त्याचें वाहणें अडतें आणि यंत्र बिघडतें. मुक्कामाला पोंचल्यावर कुटुंबांतील मुलगा पाणसळ हातांत घेऊन उभा राहतो, वडील चाकांखालीं लांकडी ठोकळे सरकवतात आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत स्वयंपाकाला सुरुवात होत नाहीं, याचें कारण हें आहे.

निघतांनाची अडचण तर याहून चमत्कारिक असते. उत्तरेच्या थंडींत नळांतील पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून थंडीपूर्वींच टांकी कोरडी करून नळांत न गोठणारा गुलाबी रंगाचा द्रव भरून ठेवतात. डेट्रॉइटहून निघालेलें कुटुंब पहिल्या एक-दोन रात्रीं पिण्याचें पाणी बाटल्यांतून वापरतें आणि न्हाणीघर बंद ठेवतें. ओहायो, केंटकी आणि टेनेसी ओलांडून जॉर्जियाच्या दक्षिण भागांत थंडीचें भय सरलें, कीं मग नळ धुवून टांकी भरली जाते. घर बरोबर असूनहि घरपण सुमारें हजार मैलांनंतर सुरूं होतें.

आजचा त्यांचा मार्ग ‘आंतरसंस्थानीय ७५’ हा महामार्ग होय. कॅनडाच्या सरहद्दीवरील सू सेंट मेरीपासून मायामीच्या परिसरापर्यंत तो सुमारें १,७८६ मैल जातो आणि ठिकठिकाणीं जुन्या डिक्सी हायवेच्याच दिशेनें धांवतो. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्यावर पहिला मोठा मुक्काम क्रिस्टल रिव्हर येथें करण्याजोगा आहे. तेथील झऱ्यांचें पाणी बारा महिने सुमारें २२ अंश सेंटिग्रेड असतें. हिवाळ्यांत समुद्र गार झाला, कीं मॅनटी नांवाचे संथ, शाकाहारी जलचर शेंकडोंनीं या झऱ्यांत येऊन राहतात; पाण्याचें तपमान २० अंशांच्या खालीं फार दिवस राहिलें तर त्यांचे प्राण धोक्यांत येतात. माणसाला हिवाळी प्रवास ही चैन आहे, मॅनटीला तो जगण्याचा प्रश्न आहे, हें मुलांना तेथें न सांगतां समजतें.

टँपाच्या दक्षिणेस ‘टॅमियामी ट्रेल’ लागतो. टँपा आणि मायामी या दोन शहरांच्या नांवांचा हा संधि असून रस्ता १९२८ सालीं खुला झाला. एव्हरग्लेड्सच्या विस्तीर्ण गवताळ पाणथळांतून तो बांधतांना बाजूला कालवा खणून त्याच मातीनें भराव घातला. प्रवाशांची सोय झाली, पण दक्षिणेकडे संथपणें सरकणारें पाणी त्या भरावानें धरणासारखें अडलें आणि खालच्या अरण्याची दुर्दशा झाली. ती दूर करण्यासाठीं २०१३ सालीं रस्त्याचा एक मैल भाग पुलावर उचलून घेण्यांत आला. नंतर आणखीहि पूल झाले. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्तें अर्पण झालेलें एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान याच रस्त्याच्या दक्षिणेस पसरलेलें आहे. ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल या मगरींच्या दोन्ही जाति तेथें एकत्र नांदतात.

शेवटचा टप्पा ‘कीज’ या बेटांच्या माळेचा. हेन्री फ्लॅग्लर यांनीं १९१२ सालीं की वेस्टपर्यंत समुद्रावरून लोहमार्ग नेला. १९३५ च्या सप्टेंबरांतील वादळानें तो मोडून टाकला. त्या वादळांत चारशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांत रस्त्याच्या कामावर आणलेले पहिल्या महायुद्धांतील माजी सैनिक पुष्कळ होते. लोहमार्गाच्याच पुलांचा आधार घेऊन १९३८ सालीं मोटाररस्ता पुरा झाला. दोन्ही बाजूंना हिरवें-निळें पाणी आणि मध्यें मैलोगणती पूल, असा हा रस्ता पाहून पोरेंटोरें हरखून जातात. परंतु त्याच्या पायाशीं काय आहे हें त्यांना सांगणेंहि उचित होय.

या बेटांवर जागा फार थोडी आणि मागणी अपार. फ्लॉरिडाच्या सरकारी उद्यानांत मोटारघर उभें करण्याची जागा कित्येक महिने आधीं राखून ठेवावी लागते. बाहेरचेच लोक सर्व जागा घेतात अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. म्हणून २०२४ च्या जानेवारीपासून फ्लॉरिडाच्या रहिवाशांना अकरा महिने आधीं, तर इतरांना दहा महिने आधीं जागा राखतां येते. डिसेंबरांत समुद्राकांठीं झोंपावयाचें, तर मिशिगनच्या कुटुंबाला फेब्रुवारींतच तारीख ठरवावी लागते. मन मानेल तेथें थांबण्याची गोष्ट येथें संपते.

मग या खटाटोपाचा लाभ कोणता? मोटारघर बेताचें असलें तरी पेट्रोलच्या लिटरमागें तीन-चार किलोमीटरच जातें. कमी उंचीच्या पुलाखालून त्याला नेतां येत नाहीं. आणि चार माणसांना पावसाच्या दिवशीं एका लहान खोलींत परस्परांचे स्वभाव सोसावे लागतात. केवळ पैशाचा हिशेब पाहिला तर हॉटेल पुष्कळदां स्वस्त पडेल. तथापि दोन आठवडे रोज पाण्याची पातळी वाचणारें, दिवा लावतांना दुसरें यंत्र बंद करणारें आणि आपली घाण आपल्या हातानें योग्य जागीं नेऊन टाकणारें मूल घरीं परततें, तेव्हां नळ सोडला कीं पाणी येतें या गोष्टीकडे तें पूर्वीप्रमाणें पाहत नाहीं. गांवानें दिलेली जागा, सरकारनें राखलेलें अरण्य आणि कोणीतरी बांधलेला पूल यांच्यावांचून चाकांवरचें घर एक मैलहि पुढें जाऊं शकत नाहीं. स्वातंत्र्याच्या ओढीनें निघालेल्या कुटुंबाला आपण किती जणांवर अवलंबून आहों हें समजून यावें, हाच या प्रवासाचा उत्तम लाभ. आणि तो ज्याला झाला त्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाची कींव करण्याचें कांहीं कारण नाहीं.