धुराड्याच्या बुडाशी

नरकचतुर्दशीच्या पहाटे सदलग्यात अजूनही काही परसांत तांब्याचा बंब पेटतो. आदल्या दिवशी चिंचेनं घासून लख्ख केलेला, मधल्या नळकांड्यात बाभळीच्या ढलप्या, शेणी, मूठभर वाळलं चिपाड. माझी आजी नळकांड्याच्या तोंडावर हातभर उंच तळवा धरायची आणि पाण्याला हात न लावता सांगायची, "झालं बघ, उतर आंघोळीला." बंब म्हणजे पाण्यात उभं केलेलं धुराडंच. आत पाणी गार असताना जाळाची ऊब पाणी ओढून घेतं. पाणी तापत जातं तशी तोंडाशी येणारी धग वाढते. आजी मोजत होती ती बाहेर वाया चाललेली धग.

त्याच बंबात एक खोड असते. नळकांड्याचा पत्रा पाण्याला टेकलेला, त्यामुळे तो शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. ओल्या लाकडाचा धूर अशा गार पत्र्याला लागला की त्यातली वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश तिथंच बसतो. हा थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि जाडजूड साचून कधी पेटला तर नळकांडं भडकतं. धूर फार तापलेला सोडला तर सरपण वाया जातं, फार गार झाला तर काजळी धरते. या दोन टोकांमधली जागा शोधायची.

दूधगंगेच्या काठचा हा मुलूख उसाचा. दसरा-दिवाळीपासून गुऱ्हाळं लागतात आणि बंबाचाच प्रश्न इथं शंभरपट मोठा होतो. गुळव्याची बोटं काय करतात ते एकदा डोळ्यांनी पाहावं. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, चिमटीत गोळी वळायची आणि ती वळली त्या क्षणी रसाची काईल उतरवायची. थर्मामीटर लावला तर तो क्षण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास भरतो; काकवीला १०५-१०६ पुरतात. दोन-तीन अंश चुकले तर गूळ चिकट राहतो किंवा करपतो, आणि मग भाव पडतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला बाजार मिळाला; २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या नावामागे ही चिमूट आहे.

काईलीत एवढी नजर, पण मागच्या धुराड्यात किती तापलेला वायू चाललाय, हे सहसा कोणी मोजत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

हिशेब करून पाहू. टनभर उसातून सव्वासहाशे किलो रस धरला आणि त्याचा एकशे दहा किलो गूळ झाला, तर पाचशे किलोंहून अधिक पाणी वाफ करून उडवायचं असतं. रस तापवणं धरून, उष्णता अजिबात वाया गेली नाही तर याला वाळलेलं चिपाड ८५-९० किलो पुरावं. त्याच टनातून वाळल्यावर दोनशे किलोच्या आसपास चिपाड निघतं. तरी पुष्कळ गुऱ्हाळांवर ते सगळं जळतं, वर लाकूड आणावं लागतं. जळण्याला लागते त्याच्या दुप्पट हवा आत शिरत असेल आणि धुराड्याच्या बुडाशी वायू ६०० अंशांवर असेल, तर चिपाडातली ४० टक्क्यांहून अधिक उष्णता आभाळात जाते. तोच वायू ३३० अंशांवर बाहेर पडला तर नुकसान २२ टक्क्यांवर येतं.

"पण धुराडं तापलं नाही तर ओढ कशी धरणार?" असं एका तात्यांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. धुराडं ओढतं ते आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून. बाहेर ३० अंश आणि धुराडं दहा मीटर असेल, तर ३०० अंशांच्या वायूची ओढ साडेपाच मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढी भरते. ६०० अंशांना ती साडेसातपर्यंतच जाते. शिवाय वायू जितका तापतो तितका विरळ होतो, त्यामुळे वजनानं किती वायू बाहेर पडतो ते पाहिलं तर निरपेक्ष तापमान बाहेरच्या हवेच्या दुप्पट झालं की वाढ थांबते. आपल्या हवेत तो आकडा ३३० अंशांच्या जवळ येतो. त्यापुढची धग जास्त वायू बाहेर काढत नाही, फक्त चिपाड खाते. उत्तर प्रदेशात म्हणूनच एका चुलवाणावर तीन-चार कढया ओळीनं मांडतात, पुढच्या कढईखालून सुटलेली ऊब मागच्यांना मिळते. आपली एकच मोठी काईल गूळ एका हाती सांभाळायला सोयीची, पण तिच्यामागची ऊब सुटून जाते.

मोजायचं कसं? दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक पडला की जवळची चुंबकसुई हलते, हे झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली दाखवलं; ती हलते वाहत्या विजेमुळे, हे नंतर उमगलं. त्यावर चालणारी 'के' जातीची थर्मोकपल तार हजार अंशांच्या वरही टिकते. तिचं टोक वायूच्या मधोमध असावं. भिंतीजवळ आकडा कमी येतो. हातात धरायची इन्फ्रारेड बंदूक इथं फसवते. ती पृष्ठभाग पाहते, वायू नाही, आणि चिंचेनं चकाकवलेल्या तांब्यावर तर खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवते. बंबावर तपासायचं असेल तर बोटभर जागा काळी करून तिथं रोखावी.

नुसत्या आकड्यावर विसंबू नये, धूरही बघावा. आकडा खाली आणि धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय, झडप उघडा. धूर पांढरा, जड असेल तर चिपाड ओलं आहे. आकडा खाली, धूर दिसत नाही, तरी काईल उकळत नाही, तर बहुधा नको तेवढी गार हवा घुसून वायू थंड होतोय आणि नासाडी चालूच आहे.

वीज, तार काही नसेल त्या रात्रीसाठीही एक खूण आहे. अंधारात तापलेली वस्तू साधारण ५२५ अंशांना मंद लाल दिसू लागते. परवा एका गुऱ्हाळावर रसाचं शेवटचं आदण चालू होतं. तात्यांनी दिवा मालवला आणि धुराड्याच्या बुडाची एक वीट चिमट्यानं ओढली. आतली भिंत विझत्या निखाऱ्यासारखी लाल होती. ते थोडा वेळ बघत राहिले, मग झडप दोन बोटं लोटली, आणि जाळ घालणाऱ्याला म्हणाले, "जरा दमानं घाल." काईलीतली उकळी तशीच राहिली.