दीर्घिकेचा नकाशा निवडताना

बुद्धिबळाचा पट सर्वांसाठी सारखाच असतो. चौसष्ट घरे आणि ठरलेली मोहरी. पटाविषयी खेळाडूने काही ठरवायचे नसते. संगणकावरील अंतराळविषयक डावपेचांच्या खेळांत मात्र पहिली खेळी पटाचीच असते. तारे किती असावेत, त्यांची मांडणी कशी असावी, त्यांना जोडणाऱ्या वाटा दाट असाव्यात की विरळ, हे खेळाडूने आधी ठरवायचे आणि मग त्या चौकटीत कित्येक तास, क्वचित कित्येक आठवडे, आपले साम्राज्य उभारायचे.

ही परंपरा जुनी आहे. १९९३ साली आलेल्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळात २४, ४८, ७० किंवा १०८ ताऱ्यांचा नकाशा निवडता येत असे. त्याच खेळाविषयी लिहिताना अ‍ॅलन एमरिच यांनी शोध, विस्तार, उपयोग आणि संहार ही या खेळांची चार अंगे सांगितली. त्यांच्या इंग्रजी नावांतील समान ध्वनीवरून अशा खेळांना ‘फोर एक्स’ म्हटले जाऊ लागले.

स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टेलॅरिस’ या खेळात ही निवड अधिक विस्तृत झाली. येथे २०० ते १००० ताऱ्यांची दीर्घिका रचता येते. (आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम आहे, इतर तारकासमूहांना दीर्घिका म्हणणेच योग्य.) आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे असावेत, असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यापुढे हजार तारे म्हणजे काहीच नव्हे. पण एका माणसाच्या लक्षाला ते पुष्कळ होतात. नवशिक्याला मोठ्या आकड्याचा मोह पडतो आणि अर्धा डाव सरल्यावर संगणक मंदावू लागतो, कारण प्रत्येक ग्रहाचा आणि प्रत्येक साम्राज्याचा हिशेब त्याला सतत मांडावा लागतो. तोवर ताऱ्यांची संख्या बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. पहिल्या डावासाठी दोनशे किंवा चारशे तारे पुरेसे आहेत.

आकाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत तारे सर्वत्र पसरलेले असल्याने शेजारी अनेक दिशांना भेटतात. मैत्रीला वाव मिळतो, तसाच वैरालाही. दोन किंवा चार भुजांच्या सर्पिल दीर्घिकेत भुजेच्या टोकाशी असलेले साम्राज्य बरेच सुरक्षित राहते. मात्र वाटेवरच्या एकाच शेजाऱ्याने सीमा बंद केल्या की त्याची वाढ खुंटते. कंकणाकृती रचनेत शेजारी प्रामुख्याने दोन बाजूंनाच असतात. म्हणून एकाशी तह आणि दुसऱ्याशी युद्ध असे सरळ राजकारण तेथे चालते.

तथापि डावाचे खरे स्वरूप ठरते ते वाटांच्या दाटीवर. ताऱ्यांना जोडणाऱ्या या वाटांना ‘हायपरलेन’ म्हणतात. आरंभी या खेळात प्रवासाच्या तीन पद्धती होत्या आणि त्यांतील काहींमुळे शत्रूचे आरमार सीमेवरील ठाणी ओलांडून थेट आत उतरू शके. ठाणे बांधण्यास मग अर्थ उरत नसे. फेब्रुवारी २०१८ मधील सुधारित आवृत्तीने हायपरलेन हाच सर्वांचा मूळ मार्ग केला. अनेक जुने खेळाडू नाराज झाले, परंतु नकाशाला भूगोल मिळाला तो या बदलामुळेच. वाटा विरळ ठेवल्या की काही तारे खिंडीसारखे होतात आणि एका भक्कम ठाण्याच्या बळावर मोठे आरमार थोपवता येते. मराठीत ‘खिंड लढवणे’ म्हणतात, तेच हे. वाटा दाट ठेवल्या तर खिंडी नाहीशा होतात व ठाण्यांपेक्षा चपळ आरमाराला महत्त्व येते. बचावाने खेळू इच्छिणाऱ्याने दाट वाटा निवडणे म्हणजे स्वतःच्याच भिंतीला भगदाड पाडणे होय.

वस्तीयोग्य ग्रहांचे प्रमाण पाव पटीपासून पाच पटींपर्यंत ठेवता येते. ते वाढवल्यास खेळ सोपा होईल, ही समजूत फसवी आहे. ते ग्रह प्रतिस्पर्ध्यांनाही तितकेच लाभतात, सर्वांची लोकसंख्या वाढते आणि खेळाडूच्या कारभाराचा भारही वाढतो. प्रमाण कमी केले, तर एकेका ग्रहासाठी झगडावे लागते आणि प्रत्येक वसाहतीला मोल येते.

उरतो तो प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येचा प्रश्न, आणि तो ताऱ्यांच्या संख्येपासून वेगळा काढता येत नाही. दोनशे ताऱ्यांत बारा साम्राज्ये कोंबली, तर सीमा लवकरच भिडतात आणि शोधाचा काळ आरंभीच आटोपतो. हजार ताऱ्यांत तिघेच असतील, तर शेजारी भेटेपर्यंत बराच काळ निघून जातो. खेळातील कालगणना २२०० साली सुरू होते आणि मूळ योजनेनुसार अखेरचे संकट २४०० नंतरच संभवते. ही वर्षेही आरंभीच अलीकडे आणता येतात. ज्याच्याकडे रोज तासाभराचाच अवकाश आहे, त्याने ती तशी आणलेली बरी.