मिशिगन सरोवरावरील वसंतांतली मासेमारी

नदीकांठीं गळ टाकून तासन्‌तास स्वस्थ बसलेला मनुष्य आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो माशाची वाट पाहत असतो. परंतु जेथें पाणी दृष्टीच्या टापूपलीकडे पसरलेलें आहे, तेथें वाट पाहून भागत नाहीं. माशाच्या शोधार्थ स्वतःच निघावें लागतें. होडी मंद गतीनें चालवावयाची व गळास लाविलेलीं आमिषें तिच्या मागून पाण्यांत ओढीत न्यावयाचीं, या रीतीस ट्रोलिंग असें म्हणतात. अमेरिकेंतील मिशिगन सरोवरावर एप्रिल महिन्यांत ही मासेमारी कशी चालते, व तिच्या मागें केवढी उलाढाल दडलेली आहे, हें आम्ही येथें सांगणार आहों.

सरोवर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गांवचा तलाव उभा राहतो. ती कल्पना प्रथम बाजूस ठेविली पाहिजे. या सरोवराचें क्षेत्रफळ सुमारें ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या जवळजवळ दुप्पट आहे. सर्वांत खोल जागीं पाणी २८१ मीटर आहे. एवढ्या अफाट पाण्यांत हातभर लांबीचा मासा हुडकावा कसा? वसंत ऋतूंत याचें उत्तर पाणी स्वतःच देतें.

पाणी ४ अंश सेंटिग्रेड उष्णतामानास सर्वांत जड असतें, हें वरच्या वर्गांतील मुलांनीं पदार्थविज्ञानांत वाचलेंच असेल. पुस्तकांतील हें एक वाक्य सरोवरावर काय चमत्कार करितें तें पाहा. हिवाळा संपतो तेव्हां मध्यभागचें पाणी ४ अंशांहूनही थंड असतें. कांठचें पाणी उथळ. तें उन्हानें व नद्यांच्या कोमट पाण्यानें लवकर तापून ४ अंशांच्या वर जातें. हीं दोन पाणीं जेथें भेटतात तेथें मिसळून ४ अंशांचें पाणी तयार होतें, आणि तें दोहोंपेक्षां जड असल्यामुळें तळाकडे बुडतें. अशा रीतीनें किनाऱ्यास समांतर अशी बुडत्या पाण्याची जणूं एक भिंतच उभी राहते. अलीकडे ऊब, पलीकडे गारठा! दिवस जातात तशी ही भिंत आंत सरकत जाते व उन्हाळा लागतां लागतां नाहींशी होते. तोंपर्यंत लहान मासे उबेसाठीं व खाद्यासाठीं अलीकडच्या अरुंद पट्ट्यांत जमतात, आणि त्यांच्या पाठोपाठ कोहो जातीचे सॅमन मासे येतात. दक्षिणेचें टोंक सर्वांआधीं तापतें. म्हणून शिकागो, गॅरी व मिशिगन सिटी यांच्या समोर या दिवसांत होड्यांची दाटी होते.

होडी उजाडण्यापूर्वींच निघते. मच्छीमाराचें पहिलें हत्यार गळ नव्हे, तर उष्णतामापक होय. एखाद्या अंशानें अधिक ऊबदार पाणी लागलें कीं दोऱ्या सोडतात व ताशीं तीन-चार किलोमीटर, म्हणजे पायीं चालणारा मनुष्यही पुढें जाईल इतक्या वेगानें होडी हांकतात. उथळ व नितळ पाण्यांत होडीला भिऊन मासे दोहों बाजूंस पांगतात. यावर मोठी मौजेची युक्ति आहे. दोरीला एक लहान तिरकस फळी बांधतात. पतंग जसा वाऱ्याच्या जोरानें वर चढतो, तशी ही फळी पाण्याच्या रेट्यानें आडवी बाहेर सरकते व आमिषाला होडीपासून दूर नेते. शिवाय होडी सरळ न नेतां नागमोडी नेतात. वळणावर बाहेरच्या बाजूचीं आमिषें जलद धांवतात, आंतल्या बाजूचीं रेंगाळतात; मासा कोणत्या बाजूस लागला यावरून त्या दिवशीं त्यास कोणता वेग रुचतो तें कळतें. आम्हांस तर हा त्रैराशिकापेक्षां सुरेख हिशेब वाटतो.

किनाऱ्यावर ऊन कोंवळें असलें तरी पाणी पांच-सहा अंशांचेंच असतें. त्यांत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय कांहीं मिनिटांत बधिर होतात. तरंगतें जाकीट न घालणाऱ्यास आम्ही शूर म्हणणार नाहीं.

आतां नवलाची गोष्ट ही कीं, हा कोहो या सरोवराचा मूळ रहिवासी नव्हेच! येथील मूळचा मोठा मासा लेक ट्राउट. नायगाराचा धबधबा समुद्रांतील जीवांस वर येऊं देत नसे. परंतु जहाजांसाठीं त्यास वळसा घालून वेलंड कालवा खणला. तो १८२९ सालीं खुला झाला. याच वाटेनें पुढें लॅम्प्री नांवाचा, वाम माशासारखा लांबट, जबडा नसलेला जीव वर शिरला. तो माशाच्या कुशीस वाटोळ्या तोंडानें चिकटून रक्त शोषतो. १९३६ सालीं तो मिशिगन सरोवरांत आढळला. त्याचा उपद्रव व माणसांची बेसुमार मासेमारी यांमुळें १९५५ च्या सुमारास येथील लेक ट्राउट नामशेष झाला. मग खाणारा कोणी न उरल्यामुळें एलवाइफ हा दुसरा लहान परका मासा अतोनात माजला. १९६७ सालीं त्याच्या प्रेतांचे ढीग किनाऱ्यांवर लागले. त्यास खाणारा कोणी असावा म्हणून ओरेगॉनहून कोहोचीं अंडीं आणून पिलें वाढविलीं व १९६६ सालीं मिशिगन राज्याच्या नद्यांत सोडलीं.

तेथून पुढें हा हिशेब दरवर्षीं माणसानेंच करावा लागत आहे. सॅमन फार सोडले तर एलवाइफ संपतो. शेजारच्या ह्यूरन सरोवरांत २००४ च्या सुमारास तो जवळजवळ संपला व त्यावर जगणारा चिनूक सॅमनही ओसरला. म्हणून मिशिगन सरोवरांत २०१३ सालीं चिनूकचीं पिलें बरींच कमी सोडण्यांत आलीं. लॅम्प्रीचें तर दर वर्षीं पारिपत्य करावें लागतें. त्याचीं पिलें जेथें वाढतात त्या नद्यांत औषध सोडतात. २०२० व २०२१ सालीं कोरोनाच्या सांथीमुळें हें काम अपुरें झालें, आणि लॅम्प्रींची संख्या पुन्हां वाढली.

दुपारीं होड्या धक्क्यास लागतात. मासे मोजले जातात, तोलले जातात. आणि जाणता मच्छीमार प्रत्येक मासा उलटून त्याच्या दोन्ही कुशी पाहतो, एखादा वाटोळा व्रण आहे कीं काय म्हणून.