मिश्री, जनुके आणि नेमकी औषधे

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात आणि कुटून तिची मिश्री करतात. दात घासण्यासाठी म्हणून ती तोंडात जाते. सवय लागली की दिवसातून अनेकदा. बायकांमध्ये ही सवय विशेष आढळते. मिश्रीमुळे पेशीत नेमके काय घडते, ते पाहू.

तंबाखूत नायट्रोसअमाइन गटातील रसायने असतात. भाजताना त्यांत बेंझोपायरीनसारख्या, काजळीत सापडणाऱ्या रसायनांची भर पडते. शरीरातील विकरे ही परकी द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी त्यांच्यात बदल करतात. पण या खटपटीत काही रेणू अधिक क्रियाशील होऊन डीएनएला चिकटतात. डीएनएच्या ग्वानिन या घटकाला एका विशिष्ट जागी मेथिल गट चिकटला, तर प्रत निघताना त्याच्यासमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसू शकते. पेशीतील दुरुस्ती यंत्रणा अशा बहुतेक चुका सुधारते. एखादी निसटली आणि पेशी विभागली, की ती पुढच्या सर्व पेशींत उतरते.

एका चुकीने कर्करोग होत नाही. काही जनुके पेशीच्या वाढीला वेग देतात, काही ब्रेक लावतात. वेग अडकून बसावा आणि ब्रेकही निकामी व्हावेत, याला सहसा अनेक वर्षे लागतात. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ साली हिरड्या व गालाच्या आतील कर्करोगांची जनुके तपासली. टीपी-५३ हा ब्रेक आणि बिघडलेल्या पेशीला आत्मनाशाकडे नेणारे कॅस्पेज-८, या दोन्ही जनुकांत त्यांना वारंवार बिघाड आढळले.

अडकलेला वेग औषधाने रोखता येतो. उदाहरणार्थ, एर्लोटिनिब ही गोळी वाढीचा संदेश घेणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाचे काम थांबवते. तुटलेला ब्रेक पुन्हा बसवणे मात्र फार अवघड आहे. निव्होलुमॅब हे औषध तिसऱ्याच वाटेने जाते: गाठीने आपल्या संरक्षक पेशींना घातलेला लगाम ते सोडवते. ते अतिशय महाग आहे. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, डोके व मान भागातील कर्करोग बळावलेल्या रुग्णांना, एर्लोटिनिबसह तीन स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत देऊन पाहिले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरांतले सुमारे १६ रुग्ण हयात होते. निव्होलुमॅब जोडल्यावर सुमारे ४३.

ही प्रगती मोठीच आहे. तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात गेले, हे आम्ही विसरू शकत नाही. मिश्री सोडली की तिच्यामुळे होणाऱ्या नव्या चुका थांबतात. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

वर्गात एक प्रयोग करा. एक वाक्य चिठ्ठीवर लिहून पहिल्या मुलाला द्या. प्रत्येकाने फक्त मागच्याची प्रत पाहून ते उतरवावे. मध्येच एकाला मुद्दाम एक अक्षर बदलायला सांगा. शेवटची प्रत वाचून दाखवा आणि मग मुलांना विचारा: घरी मिश्री कोण लावते?