लळिंग घाट, ४५ अंश आणि ५०० न्यूटन-मीटर



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने मागे विचारलं, "ताई, तुम्हाला पीएच.डी.चा विषय सुचला कसा?" खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. लायब्ररीत नाही, मामाच्या फॉर्च्युनरमध्ये सुचला. जळगाव-धुळे रस्त्यावर, एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे कुठेतरी.

आपल्या खान्देशात ही गाडी काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. दारात मोठी डिझेल एसयूव्ही उभी असली की माणूस आमदारकीला उभा राहणार असं गाव आपोआप ठरवून टाकतं. आणि गाडीबद्दलचा प्रश्न एकच: "पिकअप कसा शे भो?" हसू नका. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे, कारण 'पिकअप' म्हणजे नक्की काय मोजायचं, इथूनच माझी गाडी सुरू झाली आणि एकदा चांगलीच अडकलीसुद्धा.

आधी ब्रोशर उघडा. २०२१ पासूनच्या २.८ लिटर फॉर्च्युनरमध्ये एकच इंजिन आहे, २७५५ सीसीचं, चार सिलिंडरचं. कमाल शक्ती १५० किलोवॅट, म्हणजे २०४ पीएस. पण टॉर्कच्या रकान्यात दोन आकडे आहेत. मॅन्युअल गिअरला ४२० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ५००. इंजिन तेच, शक्ती तीच, टॉर्क वेगळा. हे कसं काय?

इथे पान उलटू नका, कागद घ्या. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. ३४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण ३५६ रेडियन. गुणिले ४२०, उत्तर आलं जवळपास १५० किलोवॅट. म्हणजे मॅन्युअलवालीसुद्धा वरच्या आरपीएमला पूर्ण शक्ती देते. आता १६०० आरपीएमला बघा. ५०० न्यूटन-मीटरवाली तिथे सुमारे ८४ किलोवॅट देते, ४२० वाली सुमारे ७०. फरक शिखरावर नाहीच, फरक पायथ्याशी आहे. आणि घाटात ट्रकच्या मागे अडकलेली गाडी नेमकी पायथ्याशीच असते.

मग मॅन्युअलला कमी का ठेवलं? ऑटोमॅटिकने दाखवून दिलंय की इंजिन ५०० देऊ शकतं. त्यामुळे मर्यादा इंजिनाबाहेर, क्लच आणि गिअरबॉक्सकडे शोधायला हवी. आजच्या डिझेलमध्ये टॉर्क हा बराचसा ईसीयूने 'मंजूर' केलेला आकडा असतो. टॉर्कचा वक्र मधे टेबलासारखा सपाट दिसतो तो निसर्गाने सपाट केलेला नाही, कोणीतरी कॅलिब्रेशनला बसून तिथे छाटलेला आहे. ही गोष्ट मला बी.ई.ला कोणी सांगितली नव्हती. पुस्तकातला वक्र डोंगरासारखा, गाडीचा पठारासारखा, आणि आम्ही परीक्षेत डोंगरच काढत राहिलो.

आता लळिंग घाटात चला. समजा माणसांसह गाडी अडीच टन, चढ ५ टक्के, वेग ताशी ८० किमी. चढायला लागणारी शक्ती साधारण २७ किलोवॅट. टायरच्या घर्षणाला ६-७, हवेला अजून ६ च्या आसपास. एकूण ४० किलोवॅट धरा. म्हणजे १५० पैकी एक चतुर्थांशाच्या थोडं वर! मग उरलेलं कशाला? राखीव. चालवताना आपल्याला जे 'जाणवतं' ते वापरलेली शक्ती नसते, पाय दाबल्यावर लगेच हाताशी येणारी शिल्लक असते. आणि ती किती लवकर येते ते टर्बोवर अवलंबून आहे.

डिझेलमध्ये पेट्रोलसारखा हवा अडवून शक्ती कमी-जास्त करण्याचा प्रकार नाही. हवा भरपूर येते, ताकद किती ते इंधनाच्या मात्रेवर ठरतं. पण इंधन जास्त घातलं आणि हवा पुरली नाही तर काळा धूर. म्हणून खरा राजा हवा. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो ती दाबून भरतो. कमी आरपीएमला एक्झॉस्टच कमी, म्हणून व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोमध्ये टर्बाइनभोवतीच्या पात्या जवळ येतात, वाट अरुंद होते आणि तेवढ्याच वायूचा वेग वाढतो. शेतात पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून पाणी लांब फेकता ना, तेच.

जरा वरच्या वर्गात डोकावू. पूर्वी चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज जीएलएस ४०० डी मध्ये सरळ रांगेतले सहा सिलिंडर, २९२५ सीसी, ३३० एचपी आणि १२०० आरपीएमपासूनच ७०० न्यूटन-मीटर. १२०० ला सुमारे ८८ किलोवॅट. म्हणजे फॉर्च्युनर १६०० ला जे देते, त्यापेक्षा थोडं जास्त ही गाडी जेमतेम जागी होताना देते. शिवाय सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये हलणाऱ्या पिस्टनांची पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाची बलं आपसात रद्द होतात. चार सिलिंडरमध्ये दुसऱ्या क्रमाचं बल शिल्लक राहतं, तेच स्टिअरिंगला बारीक थरथर म्हणून येतं. 'लक्झरी' म्हणजे लेदरची सीट असं वाटत असेल तर थांबा. निम्मी लक्झरी क्रँकशाफ्टच्या भूमितीत आहे. बाकीची सस्पेन्शनमध्ये: एकीकडे लॅडर फ्रेम आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, दुसरीकडे मोनोकॉक बॉडी आणि हवेच्या स्प्रिंगा. पहिली गाडी शेतरस्त्यावर वर्षानुवर्षं मार खाईल, दुसरीत चहा सांडणार नाही. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांना पहिलीच बरी, पण ते मत आहे, निष्कर्ष नाही.

आता मुद्द्यावर येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा साधारण ९ टक्के विरळ (२८८ भागिले ३१८ करून बघा). त्यात टर्बोने हवा दुप्पट दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर कॉम्प्रेसरमधून हवा १५ अंशांच्या दिवशी सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते, ४५ च्या दिवशी सुमारे १४५ वर. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. तापलेली हवा आत गेली की ज्वलनाचं कमाल तापमान वाढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड्स, म्हणजे नॉक्स, वाढतं. ते दाबायला ईजीआरने एक्झॉस्ट परत फिरवला की ऑक्सिजन कमी होतो आणि काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर. डिझेलवरचं निम्मं संशोधन या एका कात्रीत अडकलेलं आहे.

हे वाचून मी पहिल्या वर्षी फार मोठ्या थाटात ठरवलं: डिसेंबर आणि मे, तीच गाडी, तोच चाळीसगाव-कन्नड घाट, ओबीडीला लॉगर लावायचा, फरक मोजायचा. डिसेंबरची फेरी केली. पाच महिने वाट पाहिली. मेची केली. फरक आला, चांगला घसघशीत. मी आलेख काढून गाइडसमोर ठेवला. सरांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. विचारलं, "मेमध्ये गाडीत कोण कोण होतं?"

लग्नसराई होती हो. मामा म्हणाला होता, जातेच आहेस तर सगळ्यांना घेऊन जा. डिसेंबरला मी आणि भाऊ, मेमध्ये सात माणसं, आहेराच्या बॅगा आणि एसी फुल्ल. पाच माणसं म्हणजेच सव्वातीनशे किलोच्या आसपास. मी उन्हाळा मोजत नव्हते, वऱ्हाड मोजत होते. आणि अजून एक, टॉर्क म्हणून मी जो आकडा उतरवला होता तो मोजलेला नव्हताच. ओबीडीवरचा टॉर्क हा ईसीयूने स्वतःच्या गणितातून काढलेला अंदाज असतो. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच उत्तरपत्रिकेवरून मी गुण देत होते. जवळपास अर्धं वर्ष गेलं. त्या रात्री हॉस्टेलवर मी पीएच.डी. सोडायचा विचार केला होता, हेही सांगून टाकते.

सरांनी ओरडा दिला नाही. एक रिपोर्ट वाचायला दिला. तुम्हीही तो वाचा.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात तीन डिझेल गाड्या रस्त्यावर तपासल्या. काम आयसीसीटी या संस्थेने दिलेलं. गटात अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पन्ना आणि मार्क बेश, म्हणजे पहिले दोघे आपल्याकडचे. डिकीत पेम्स, म्हणजे एक्झॉस्ट मोजणारी फिरती प्रयोगशाळा. तीनपैकी दोन गाड्या फोक्सवॅगनच्या, जेटा आणि पसॅट. तिसरी एक लक्झरी डिझेल एसयूव्ही, बीएमडब्ल्यू एक्स-५.

जेटाचं नॉक्स रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघालं, पसॅटचं ५ ते २० पट. याच दोन गाड्या प्रयोगशाळेत रोलरवर पास झाल्या होत्या. आता विचार करा, फक्त याच दोन गाड्या असत्या तर? कोणीही म्हणालं असतं, तुमचं पेम्स चुकतंय, किंवा रस्त्यावर डिझेल असंच वागतं. पण एक्स-५ तशाच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने मोजली गेली आणि बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली, ग्रामीण भागातल्या चढ-उताराचा रस्ता सोडून. सगळ्यात जड गाडी, आणि तीच स्वच्छ. त्यामुळे उपकरणाला दोष देता येईना, आणि 'हे जमणारच नाही' असंही म्हणता येईना. रिपोर्ट मे २०१४ मध्ये आला. त्यात गाड्यांची नावंही नव्हती, नुसतं ए, बी, सी. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

माझ्या प्रयोगात ही 'सी' गाडी नव्हती. वजन वेगळं, एसी वेगळा, आणि तुलनेला दुसरं काहीच नाही.

आपल्याकडे बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून आलं. डिझेल कारची नॉक्सची मर्यादा बीएस-४ च्या किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची चाचणी, म्हणजे आरडीई, लागू झाली. युरोपात युरो-६ ची ही चाचणी बेतली तेव्हा सर्वसाधारण परिस्थिती ० ते ३० अंश धरली आणि विस्तारित परिस्थिती फार तर ३५ पर्यंत. भुसावळचा मे त्या नकाशातच नाही! भारतीय पद्धत एआयएस-१३७ मध्ये दिलेली आहे. तापमानाचा भाग काढून दोन्ही शेजारी ठेवा आणि मग आपल्या तालुक्याचं मेमधलं तापमान बघा. रिसर्च गॅप म्हणतात तो असा सापडतो.

माझा आताचा प्रश्न लहान आहे. मोठ्या डिझेल गाडीच्या इंटरकूलरनंतरची हवा ४० अंशांच्या वर वातावरण असताना किती तापते, आणि मंद चढावर ईजीआर त्याला कसं उत्तर देतो. एवढंच. वजन वाळूच्या गोण्यांनी बांधून ठेवलंय, एसी दोन्ही फेऱ्यांना बंद (हो, मेमध्येही), टायरची हवा त्याच पंपावर, सुरुवात दुपारी त्याच वेळेला. आणि प्रत्येक दिवशी तुलनेला एक साधी पेट्रोल गाडी मागोमाग.

मामाला सांगितलंय, या वर्षी वऱ्हाडाला बस करा. तो म्हणाला, "मग तुना त्या गोण्या तरी लगीनघर लोंग लई जाय." त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत.

पुढच्या लेखात पेम्सचा आकडा ग्रॅम प्रति किलोमीटरमध्ये कसा आणायचा ते बघू. तोवर वरचं ४० किलोवॅटचं गणित स्वतः करून बघा, हवेच्या रोधाचा गुणांक वेगळा धरून, आणि तुमचा आकडा माझ्यापेक्षा किती वेगळा येतो ते कळवा.